पालवी म्हनली डॉक्टरीण

जानेवारी लागला की नाशकातली रद्दी गावाकडं पळते. एरवी कोपऱ्यावरचा रद्दीवाला माझ्याकडं ढुंकून बघत नाही, पण या दिवसांत तो मला जिन्यात अडवतो, चहा पाजतो, घरच्यांची खुशाली विचारतो आणि मग हळूच विषय काढतो, "सर, क्लासमधले पेपर साठले असतील ना?" शहराने वर्षभर वाचून टाकलेल्या बातम्या टेम्पोत बसून निफाड-दिंडोरीकडं रवाना होतात आणि तिथं द्राक्षाच्या घडांना गुंडाळल्या जातात. मणी कोवळे असतात, कडाक्याच्या थंडीने गुलाबी पडले की व्यापारी तोंड फिरवतो, म्हणून घडाघडाला कागदाचा अंगरखा. आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षांइतकं वाचन उभ्या महाराष्ट्रात कुणाचं नाही, असं मी पोरांना नेहमी सांगतो. परदेशी जाणारा घड तर अग्रलेख संपवूनच बोटीत चढतो.

यंदाही त्याने अडवलं. मी गठ्ठा दिला, चहा प्यायलो, वर आलो, खडू हातात घेतला, आणि फळ्यावर कुठला शब्द लिहायचा होता तेच आठवेना. ठरवलेल्या शब्दाच्या जागी दुसराच एक शब्द येऊन उभा राहिला होता. अंगावर घोंगडं घेतलेल्या माणसासारखा, दारातच, आत येऊ का म्हणून न विचारता.

माझा क्लास पंचवटीत आहे. खाली पूजेच्या सामानाचं दुकान, वर मी. खालून उदबत्तीचा धूर वर येतो, वरून माझं इंग्रजी खाली जातं, आणि दोन्हीमुळे गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पाणी येतं असं दुकानदाराचं म्हणणं आहे. बँकेच्या, तलाठ्याच्या, पोलिसाच्या परीक्षा देणारी पोरं माझ्याकडे येतात. रोज एक शब्द. फळ्याचे तीन भाग: अर्थ, उगम, वापर. अर्थ तर कुठल्याही गाईडात मिळतो, वापर परीक्षेत विचारतात, पण पोरं येतात ती उगमासाठी, कारण उगम मी मनाने रचून सांगतो. 'ट्रबल' कुठून आला? त्र्यंबकच्या चढावर एका साहेबाच्या गाडीचा बैल बसला. साहेबाला त्र्यंबक म्हणता येईना, बैलही म्हणता येईना. तो नुसताच ओरडत राहिला, "त्रंबैल! त्रंबैल!" तेव्हापासून जगात ट्रबल सुरू झाला. पोरं हसतात आणि शब्द जन्मात विसरत नाहीत. कधी कधी खरा उगमच माझ्या थापेच्या वरताण निघतो, तेव्हा मी गपगुमान तोच सांगतो. 'कँडिडेट' म्हणजे मुळात पांढरी वस्त्रं घातलेला. रोममध्ये मतं मागायला निघालेली मंडळी पांढराशुभ्र झगा घालून फिरायची. आता यात मी आणखी काय घालणार? निवडणुकीच्या दिवसांत खिडकीतून खाली बोट दाखवलं की वापरसुद्धा समजतो.

थापा मारायला मी कुठं शिकलो ते मात्र उघड आहे. माझी थोरली बहीण, आक्का. सायखेड्याला दिलेली, गोदावरीच्या काठावर. दाजी लवकर गेले, आणि बाग तिने एकटीने उभी ठेवली. लहानपणी मला झोपवताना ती ज्या गोष्टी सांगायची त्यांत नदीतली मगर आमच्या घरी ताक मागायला यायची. आवाज असा की बांधावर उभं राहून तिने "ए शांताराम" अशी हाक घातली की नदीपलीकडं चांदोरीत चार शांताराम ताटावरून उठायचे. मी थापाड्या झालो तो तिच्या तालमीत, आणि आयुष्यभर मला थापाड्या म्हणायचा हक्कही तिनेच राखून ठेवला होता.

ती आता नाही. हे आत्ताच सांगून टाकतो. शेवटपर्यंत दडवून ठेवून ऐकणाऱ्याला गाठायची युक्ती मला येते, पण तिच्या बाबतीत ती वापरायची नाही. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. मी सांगतोय ते त्याच्या आधीच्या थंडीचं, द्राक्षांना कागद लावायच्या दिवसांचं.

त्या थंडीआधी पावसाळाभर तिला दवाखान्यात नेत-आणत होतो. पोटातलं दुखणं होतं आणि सापडलं तेव्हा ते चांगलं मुरलेलं होतं. सलाइनमधून जी औषधं देतात त्यांनी तिचे केस गेले, आवाज गेला. केसांचं तिला काही वाटलं नाही, स्कार्फ बांधून ती मोकळी झाली. पण आवाज गेल्यावर ती बांधावर जायची बंद झाली. "हाक मारली आन् कोनी वळलं नाय तर?" म्हणायची.

मग जानेवारीची थंडी आली आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. तरुण होत्या, आक्काच्या सुनेच्या वयाच्या. आक्काचा हात दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "आजी, आता आपण पॅलिएटिव्हचं बघू हं. तुम्हाला त्रास होऊ द्यायचा नाही." आक्काने मान डोलावली. नंतर बाहेर व्हरांड्यात मला आणि संदीपला, म्हणजे आक्काच्या मुलाला, त्यांनी सरळ सांगितलं की आता त्या औषधांचा उपयोग होणार नाही, दिली तर हालच होतील. घरी ठेवा. तिचं दुखणं आम्ही सांभाळू. किती दिवस, हे संदीपने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

परतताना नाशकातल्या द्वारकेला अडकलो. द्वारकेच्या चौकात लग्नाला निघालेला माणूस बारशाला पोचतो, हे काही मी नव्याने सांगायला नको. संदीप गाडी चालवत होता, आक्का पुढं, मी मागं. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते आणि त्यातून आक्काचा घोगरा आवाज आला, "संदीप, ऐकलं का रं? पालवी म्हनली."

"काय म्हणाली?"

"डॉक्टरीण. आता पालवीचं बघू म्हनली. आपुन फूट म्हन्तो. शिकलेली बाई ती, पालवी म्हनली. लय गोड बोलती."

संदीपने आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आता बघ ना," तिने स्कार्फावरून हात फिरवला, "छाटनी झाली की बाग कशी दिसती? पार खराटा. नवखा मानूस म्हनंल, मेली ही. मंग फुटती का नाय? तशी माझी छाटनी झाली म्हनायची. आता पालवी."

मी तोंड उघडलं की थाप बाहेर पडते अशी माझी ख्याती. त्या दिवशी तोंड उघडलं आणि नुसती वाफ बाहेर पडली.

चूक अशी की कोल्हापूरच्या उसवाल्याने केली नसती, कोकणातल्या आंबेवाल्याने केली नसती. वर्षातून दोनदा आपल्या हाताने वेल बोडका करायचा, आणि मग कात्री पुसत डोळ्यांजवळ काडी धरून तिच्यावरचा कोंबाचा डोळा फुगला का बघायचं, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांनाच त्या शब्दातून पालवी ऐकू येणार. मी इतकी वर्षं खोटे उगम रचले, पण असा एक सुचला नव्हता. आणि याच्यावर हसता येत नव्हतं.

घरी येऊन मी जाडा शब्दकोश काढला. अर्थ ठाऊक होता. उगम बघायचा होता, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. मुळात लॅटिनमधला 'पॅलियम'. खांद्यावरून ओढून घ्यायचं वस्त्र. घोंगडंच म्हणा. त्यावरून झालं पांघरूण घालणं. इंग्रजीत आल्यावर या शब्दाने दोन घरं केली. एका घरात तो दुखण्याची धार कमी करतो, दुखणं बरं न करता. दुसऱ्या घरात तो कुणाच्या तरी अपराधावर पांघरूण घालतो. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तसाच बसून राहिलो. कुठलं लॅटिन, कुठली मराठी. दोघींची कधी दारात सुद्धा गाठ पडलेली नाही, आणि झाकायची वेळ आली तेव्हा दोघींनाही पांघरूणच आठवलं. आपल्याकडे त्या शब्दाला 'उपशामक' म्हणतात. शब्द शुद्ध आहे, वाईट काही नाही, पण तो बाटलीवरच्या चिठ्ठीसारखा वाटतो. थंडीच्या दिवसांत कुणी मला उपशामक दिलं तर मी ते कपाटात ठेवीन. घोंगडं दिलं तर अंगावर घेईन.

पुढच्या रविवारी सायखेड्याला गेलो तर आक्काची बॅग भरलेली. संदीपने मुंबईचा एक दवाखाना शोधला होता. तिथले म्हणाले होते, अजून एकदा तेच औषध देऊन बघतो. 'बघतो' याचा अर्थ मी पोरांना वेगळा सांगेन, पण आईच्या बाबतीत मुलगा तो शब्द 'होईल' असाच ऐकतो. त्यात त्याला मी दोष देत नाही. महिना-दीड महिना तिथंच राहावं लागणार होतं. म्हणजे पुरा हंगाम.

"तू जाणार?" मी आक्काला विचारलं. बाग लावल्यापासून तिने एक हंगाम चुकवला नव्हता. दाजींच्या तेराव्याला सुद्धा तिने पंगत वाढून झाल्यावर औषधाचा पंप चालू करायला लावला होता.

"जाते की. पालवी फुटनार आसंल तर जाते. हंगाम काय, पुढल्या वर्षी बी येईल."

मी संदीपला गोठ्यामागं घेतलं.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलंस."

"ऐकलं. दुसऱ्या डॉक्टरचं बी ऐकू राहिलोय."

"आणि तिला वाटतंय की ती बरी व्हायला निघालीय."

"वाटू द्या ना मामा." त्याने गोठ्याच्या कुडाची एक काडी ओढून काढली. "राहू द्या ना पालवी. तुम्हाला काय जातंय? उभ्या जन्मात शब्दांचे भलते अर्थ सांगितले तुम्ही. आमच्या आईपुरता एक अर्थ चुकीचा राहिला तर कोनाची परीक्षा नापास होनार हाय?"

आपल्याच दुकानातला माल कुणी आपल्यालाच विकायला आणला, की भाव करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राहिलोच. निफाडची थंडी म्हणजे काय ते ज्याने भोगली त्यालाच ठाऊक. गोदावरी अंगावर धुकं ओढून घेते आणि ऊन वर येईस्तोवर उठत नाही. पूल अर्धाच दिसतो, पलीकडलं गाव कुणी पुसून टाकल्यासारखं. बागेत सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बायका कागद लावत होत्या. ओळीओळीतून स्टेपलरचा टक् टक् आवाज, मधेच खोकला, मधेच हसू. त्यांची मुकादमीण हिराबाई कागद वाटत फिरत होती. आक्काने हट्टाने खुर्ची मागवली, वेलींच्या मांडवाखाली ओळीच्या तोंडाशी टाकायला लावली, आणि बसल्या जागी हाताला येतील ते खालचे घड गुंडाळायला घेतले. मी तिला कागद फाडून देत होतो.

"नीट फाड की. मास्तर हायेस का कोन? निम्मा मंत्री माझ्याकडं, निम्मा तुझ्याकडं."

मी नीट फाडू लागलो. तिने एक घड झाकला, दुसरा हातात घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिनू, एक इचारते. थाप मारायची नाय."

"विचार."

"काल दवाखान्यातून नर्सबाईचा फोन व्हता. तिनं बी त्योच शब्द घेतला. ती पालवी म्हनत नव्हती. पालवीला पुढं शेपूट व्हतं कायतरी. टिव का फिव. संदीपला इचारलं तर म्हनला, त्येच ते. त्येच ते म्हनताना बूट घालू लागला. सकाळी बूट घालून कुटं चालला व्हता?"

मी हातातला कागद उगाच सरळ केला.

"तुझ्या पोरांना सांगतोस तसं सांग मला. अर्थ, उगम आन् ते तिसरं काय ते."

"वापर."

"हां. सांग."

"उगम आधी सांगतो."

"उलटं का?"

"हा शब्द तसाच आहे."

मग मी तिला रोम सांगितलं. तिथली माणसं, त्यांच्या खांद्यावरचं ते वस्त्र. ती मन लावून ऐकत होती, लहानपणी मी तिची मगर ऐकायचो तशी.

"घोंगडंच की."

"घोंगडंच."

"मंजी तिकडं बी धनगर व्हते?"

"होते ना. सगळे नाशकातूनच गेलेले."

"मारलीस!"

"एवढी एक माफ कर."

ती हसली, हसताना खोकली, खोकताना पोट धरलं. तिचा खोकला थांबेस्तोवर मी थांबलो. पुढं सांगितलं, की इंग्रजांनी तो शब्द घेतला आणि कुणाचं पाप झाकायलाही तोच वापरायला लागले.

"मंजी पांघरून घालनं."

"तेच."

"संदीप घालू राहिलाय ते."

मी कागद फाडत राहिलो. एक संबंध पुरवणी फाडून झाली.

"आन् दवाखान्यात? तिथं काय अर्थ त्येचा?"

"तिथं..." मी आयुष्यात एवढा वेळ एका वाक्यासाठी घेतला नसेल. "दुखणं जाणार नसतं, तेव्हा त्याच्यावर पांघरूण घालतात. माणसाला ते टोचू नये म्हणून."

तिच्या हातात घड होता. कागद भोवती आला होता, स्टेपलर मारायचा राहिला होता. ती त्या घडाकडं बघत राहिली.

"मंजी थंडी जात नाय," ती म्हणाली. "लागत नाय फक्त."

"हो."

"मंग पालवी नव्हं."

"नाही आक्का."

बाजूच्या ओळीत कुणीतरी गाणं म्हणायला लागलं आणि दुसरीने तिला गप केलं. आक्काने टक् करून घड बंद केला.

"माल निघंस्तवर ऱ्हाईन का मी?"

"माहीत नाही."

"थापाड्या मेला," ती म्हणाली. "जलमभर थापा मारल्या, आन् हितं एक मारता आली नाय?"

मग तिने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या हाताने पुढच्या कागदासाठी तळवा पसरला, आणि मी तो दिला.

"आजून काय हाय त्या शब्दात?" आणखी दोन घड झाकून तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

एवढंच नव्हतं. त्या शब्दाला एक सख्खी बहीण आहे, त्याच घोंगड्यातून निघालेली, आखूडशी, एका अक्षरासारखी वाजणारी, 'पॉल'. तिरडीवर जे वस्त्र टाकतात ते. शब्दकोशात दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर आहेत. ती मी सांगितली नाही. आक्काने माझ्याकडं नीट पाहिलं, "बरं" म्हणाली आणि जास्त खोदलं नाही. तिला काही कळलं की काय, ते मी विचारलं नाही. आपण मेहेरबानी करतोय असं वाटत असताना समोरचा माणूसच आपल्यावर ती करत असतो, असं पुष्कळदा होतं.

संध्याकाळी तिने भरलेली बॅग संदीपसमोर उघडली आणि एकेक लुगडं परत कपाटात ठेवायला लावलं.

संदीप माझ्यावर फिरला. "मामा, जन्मात एकदा खरं बोलायचं ठरवलं, ते हे?"

"त्येच्यावर नको वरडू. मी इचारलं."

"आई, एकदा बघू तरी."

"बघायचं आसंल तर माझ्या अंगावर नको बघू बाबा."

तो बाहेर जाऊन ट्रॅक्टरवर बसला. चालू केला नाही, नुसता बसला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी गेलो की ताट माझ्यापुढं सरकवायचा, पाण्याचा तांब्या ठेवायचा, आणि काही सांगायचं असलं की ते म्हशीला सांगायचा. "आज चारा कमी पडंल असं दिसतंय" हे म्हशीला म्हणाला की मी समजायचं, मुक्काम करू नका.

दुखणं वाढत गेलं तशी आक्काची झोप गेली. आडवी झाली की पोटातून कळ यायची, म्हणून बसूनच असायची, भिंतीला टेकून, तोंडात पदर धरून. दवाखान्यातल्या दुखण्याच्या गोळ्या घरात आलेल्या होत्या, पण संदीप त्या देईना. गोळी दिली म्हणजे आपण हात टेकले असं त्याच्या मनात बसलं होतं. तो डबा त्याने देव्हाऱ्याच्या वर, कुणाच्या हाताला लागणार नाही असा ठेवला होता. शेवटी तिनेच सुनेकडून फोन लावून घेतला.

"डॉक्टरीणबाई, मी सायखेड्याची बोलते. मला ते पांघरून द्या."

पलीकडं बाईंना काही कळेना. "आजी, ब्लँकेट? तुम्ही घरी आहात ना?"

"तुमचा तो शब्द. पालवेटिव. पोरगं देईना झालंय. त्येला वाटतं, मी घेतलं का मेले. मी न घेता बी मरनार हाये, ते त्येला तुमी सांगा. मला त्येच्या तोंडाकडं बघून सांगता येत नाय."

मग बाईंनी विचारलं, "आजी, त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला कोणी सांगितला?"

"माझा भाऊ मास्तर हाय. थापाड्या हाय, पन शब्दाला पक्का."

मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. बाईंनी मग संदीपला फोनवर घेतलं. तो नुसता "हो मॅडम, हो मॅडम" करत होता आणि नखाने भिंतीचा रंग खरवडत होता. फोन ठेवून त्याने स्टूल घेतलं, देव्हाऱ्यावरचा डबा काढला, डोळे पुसून त्यावरचं वाचलं, आणि आईच्या तळहातावर गोळी ठेवली.

तर यंदा जिन्यातून वर येऊन, खडू हातात घेऊन, मी फळ्यावर तोच शब्द लिहिला. पोरांनी वह्या उघडल्या आणि पुढं सरसावून बसली. आता सर काहीतरी फेकणार. मी काही न घालता, काही न वगळता सांगितलं. रोम, खांद्यावरचं वस्त्र, पांघरूण, अपराध झाकणं, दुखणं झाकणं. ती आखूड बहीणसुद्धा सांगितली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, काहीपण! घोंगड्यावरून औषध?" सगळा वर्ग हसला. त्रंबैलावर विश्वास ठेवणारी पोरं ती, खऱ्याला मात्र फसली नाहीत. मी त्यांना शब्दकोश दाखवला नाही. फळ्यावर तिसऱ्या भागात 'वापर' लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि वाक्य पुढच्या तासाला देतो म्हणून सुटी दिली. पुढचा तास होऊन गेला. वाक्य मी अजून दिलेलं नाही, कारण ते मी एकदा डोळ्यांनी बघितलंय आणि फळ्यावर मावत नाही.

त्या वर्षीचा फेब्रुवारी सरत आला होता. कागद काढून झाले होते, घड उघडे झाले होते, आणि बागेत शिरलं की गोडसर वास नाकाला चिकटायचा. गोळ्या दोनदा वाढवून झाल्या होत्या. त्या दिवशी जेवणं झाल्यावर आक्का म्हणाली, मला मांडवाखाली न्या. संदीपने आणि मी मिळून खाट नेली. बोलत नव्हता, पण खाटेचं दुसरं टोक मला धरू दिलं. ती कुशीवर पडली, हिराबाईला काही सांगत होती, सांगता सांगता अर्ध्यात थांबली. आम्हाला वाटलं, कळ आली. मग तिच्या नाकातून एक बारीक शिट्टी वाजली, आणि तिच्या मागोमाग घोरणं सुरू झालं.

आक्का घोरत होती. संदीप खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो वाकला, तिच्या तोंडाजवळ कान नेला, परत सरळ झाला, परत वाकला. काही घरांत बाळ पहिल्यांदा सलग झोपलं की असं करतात. हिराबाईने हात वर केला आणि ओळींमधलं बोलणं एकेक करून थांबत गेलं. खराब मणी काढणाऱ्या कात्र्या चालू होत्या, त्याही हळू चालायला लागल्या. तिकडं दुसऱ्या टोकाला पाण्याचा पंप चालू होता, तो कुणीतरी बंद केला. माझ्या ऐकण्यात आलेली सगळ्यात मोठी शांतता ती, आणि तिच्या मधोमध एक बाई घोरत होती.

तेवढ्यात बांधावर व्यापाऱ्याची गाडी आली. सौद्याचा दिवस होता. माल बघून, मणी चाखून, दर ठरवून तो दुसऱ्या दिवशी गाडी लावणार होता. या लोकांना उतरायच्या आधी हॉर्न मारायची सवय असते. पहिला हॉर्न वाजला आणि संदीप पळाला. पायात चप्पल नव्हती. ढेकळांतून, ठिबकच्या नळ्यांवरून, दोन्ही हात वर करून पळत जाऊन त्याने गाडीच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले, गाडी उचलून बाजूला ठेवणार असल्यासारखे.

"हॉर्न नका वाजवू. आई झोपलीये."

व्यापारी काच खाली करून हसला. "झोपू द्या की. आपण बोलू. कुठंय माल?"

"तिथंच झोपलीये."

"अहो संदीपभाऊ, मला पुढं चार बागा हायेत. पलीकडच्या शिवारात माल लय निघालाय. सकाळपासून दर उतरू राहिलाय, संध्याकाळी मग मला बोलू नका."

"उतरू द्या," संदीप म्हणाला, आणि गाडीसमोर बांधावर बसला.